चाळिशीनंतर गवंडीकाम शिकता येतं का? महाड-पोलादपूरमध्ये वयापेक्षा मोठी अडचण वेगळीच आहे

दिवाळी उलटली, भाताची झोडणी आटपली की महाड आणि पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांत वाळूचे ढीग पडायला लागतात. कुणाचं घरकुल मंजूर झालेलं असतं, कुणाला मुंबईच्या पैशातून गावचं घर पक्कं करायचं असतं. हातात असतात जेमतेम सात महिने. कारण इथे वर्षाला तीन हजार मिलीमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि जूनमध्ये तो सुरू झाला की उघड्यावरची कामं थांबतात.

या सात महिन्यांत कामावर एक दृश्य हमखास दिसतं. परांचीवर उभा असलेला मिस्त्री तिशीतला आणि खालून त्याला घमेलं देणारा बिगारी पंचेचाळिशीचा. कधी दोघं एकाच वाडीतले, नात्यातलेही असतात. घरी ज्याला ‘काका’ म्हणायचं, त्यालाच कामावर ‘माल पातळ झालाय, परत कालव’ असं सांगायचं.

हे काका इथवर आले कसे? या दोन तालुक्यांत तरुणपणी मुंबई गाठायची ही जुनी रीत. ड्रायव्हर, वॉचमन, हॉटेलातलं काम, नाहीतर महाड एमआयडीसीत कंत्राटावर नोकरी. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये अनेक जण गावी परतले. काहींची नोकरी गेली, काहींची तब्येत. शेतीचा तुकडा पोटापुरता भात देतो, पोरांची फी देत नाही. मग गावात रोख पैसा देणारं जे काम असतं, ते म्हणजे बांधकाम.

त्यात २२ जुलै २०२१ येऊन गेला. त्या दिवशी महाड शहर सावित्री आणि गांधारीच्या पुरात बुडालं, तळीये गावावर दरड कोसळून ८० हून अधिक माणसं गेली. पोलादपूरच्या केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही दरडींनी बळी घेतले. त्यानंतर घर कुठे आणि कसं बांधायचं, हा इथे गप्पांचा विषय राहिला नाही.

आता मूळ प्रश्न. या वयात शिकायची सोय आहे का?

कागदावर आहे. आयटीआय प्रवेशासाठी वयाची कमाल मर्यादा नाही, किमान १४ वर्षं पूर्ण हवीत. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात गवंडी प्रशिक्षण आहे. ते ४५ दिवसांचं असतं आणि त्यात वर्गाऐवजी लाभार्थ्याच्या खऱ्याखुऱ्या घरावर काम करून शिकायचं असतं. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांमध्ये गवंडी आणि सुतार दोन्ही आहेत. प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत मदत आणि पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत विनातारण कर्ज अशी ती योजना आहे. पण ती आधीपासून हाताने हे काम करणाऱ्यांसाठी. कालपर्यंत टेम्पो चालवणाऱ्याला ‘मी गवंडी’ म्हणून तिथे उभं राहता येत नाही.

म्हणून बहुतेकांची शाळा एकच, मिस्त्रीच्या हाताखाली बिगारी. इथे फी नसते, पण किंमत मोजावी लागते. बिगाऱ्याची मजुरी मिस्त्रीपेक्षा बरीच कमी. विशीतल्या पोराला ती चालून जाते, घर चालवणाऱ्या माणसाला ती वर्ष-दोन वर्षं परवडत नाही. शिवाय मिस्त्री थापी हातात देतोच असं नाही. शिकवून तयार केलेला माणूस उद्या स्वतःची कामं घेणार, हे त्यालाही कळतं. खरी अडचण ही आहे, वय नंतर येतं. अर्थात सिमेंटची गोणी ५० किलोची असते आणि कंबर पंचेचाळिशीची, हेही आहेच.

थापी मिळाली की आधी बघायला शिकावं लागतं. ओळंबा सोडून भिंत सरळ आहे का, पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने दोन कोपरे एका पातळीत आहेत का, गुण्या लावून कोपरा काटकोनात आहे का. वीट रचण्याआधी भिजवली नाही तर ती मालातलं पाणी शोषून घेते आणि सांधा कच्चा राहतो. जांभ्याचं गणित वेगळं. खाणीतून ताजा काढलेला चिरा मऊ असतो आणि हवा लागत गेली की कडक होतो, त्यामुळे तासायचं काम आधी उरकावं लागतं.

सगळ्यात मोठी चूक होते पाण्याची. कालवायला सोपं जावं म्हणून काँक्रीटमध्ये जास्त पाणी ओततात. ते पाणी नंतर उडून जातं, आत बारीक पोकळ्या राहतात आणि ताकद घटते. उलट स्लॅब पडल्यावर जिथे पाणी हवं, तिथे हात आखडतो. भारतीय मानकानुसार साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस आणि मिश्र सिमेंटच्या काँक्रीटला किमान १० दिवस ओलं ठेवावं लागतं. एप्रिलमध्ये विहिरी तळाला गेलेल्या वाडीत हे पाणी आणायचं कुठून, हे मानकात लिहिलेलं नाही.

गावातल्या घरावर इंजिनिअर रोज उभा नसतो. त्यामुळे माल किती पातळ ठेवायचा, हे प्रत्यक्षात बिगारी आणि मिस्त्रीच ठरवतात. २४ ऑगस्ट २०२० ला महाडच्या काजळपुऱ्यातली पाच मजली तारिक गार्डन इमारत कोसळली आणि १६ जणांचा जीव गेला. तेव्हापासून इथे घरमालक कामावर उभं राहून दोन प्रश्न जास्त विचारत असेल, तर त्याला किरकिऱ्या म्हणता येणार नाही.

बिगारी असतानाच करून ठेवण्यासारखं एक काम आहे, इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची नोंदणी. वय १८ ते ६० आणि मागच्या १२ महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम, या मुख्य अटी. मिस्त्रीच असायला हवं असं नाही. मंडळाकडे पैसा येतो तो बांधकाम खर्चावरच्या एक टक्का उपकरातून, आणि त्यातून मुलांच्या शिक्षणासाठीही मदत मिळते. अडतं ते ९० दिवसांच्या दाखल्यावर. चार दिवस एकाकडे, आठ दिवस दुसऱ्याकडे काम केलेल्या माणसाला ठेकेदार सही द्यायला टाळतो. त्यामुळे कामाच्या तारखा आणि मालकांची नावं पहिल्या दिवसापासून वहीत लिहून ठेवलेली बरी.

आणि स्वतःचं पहिलं काम? ते बहुधा न्हाणीघर, गोठा नाहीतर कुंपणाची भिंत असतं, तेही ओळखीतल्याच कुणाचं. मे महिन्यात गिलावा होतो, पैसे चुकते होतात. मग जुलै येतो. भिंतीला ओल धरली तर निरोप संध्याकाळच्या आत घरी पोचतो.