कोणाच्या नजरेतून?

कोल्हापूरच्या खासबाग मैदानाचे नाव तुम्ही ऐकले असेल. राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेले हे मैदान गोल आहे. मध्यभागी आखाडा आणि सभोवती प्रेक्षक! कुस्ती चालू असताना एका बाजूच्या प्रेक्षकांना पहिलवानाचा चेहरा दिसतो, तर दुसऱ्या बाजूच्या प्रेक्षकांना त्याची पाठ दिसते. कुस्ती एकच, पण आपण कोठे बसलो आहोत, यावर काय दिसेल हे ठरते.

दूरचित्रवाणीवरील मालिकांचेही असेच असते. मात्र तेथे आपली जागा आपण निवडत नाही. ती कॅमेरा निवडतो आणि बहुधा आपल्याला नायकाजवळ बसवतो.

‘तुझ्यात जीव रंगला’ ही मालिका २०१६ ते २०२१ या काळात झी मराठी वाहिनीवर दाखवली गेली. तिची कथा कोल्हापूरकडच्या एका गावातली. नायक राणा हा भोळा, लाजाळू पहिलवान. तो आपल्या वहिनीला, नंदिताला, फार मान देतो. तिच्या मनातील कपट त्याला ठाऊक नसते. आपल्याला मात्र ते ठाऊक असते. कारण राणा समोर नसताना ती काय बोलते, हे कॅमेरा आपल्याला दाखवतो. म्हणूनच राणा तिच्यावर विश्वास ठेवतो, तेव्हा आपला जीव खालीवर होतो.

कधी याच्या उलटही घडते. १९९३ साली दूरदर्शनवर ‘ब्योमकेश बक्षी’ ही हिंदी मालिका सुरू झाली. तिच्यात नायकाला गुन्ह्याचा उलगडा आधी होतो. आपण मात्र त्याचा मित्र अजित याच्यासारखे विचार करत राहतो. राणाच्या कथेत आपल्याला काळजी वाटते, तर येथे उत्सुकता वाटते.

आता कल्पना करा, राणाची गोष्ट नंदिताने सांगितली असती तर? तिची बाजू आपण आधी ऐकली असती. कदाचित राणाचा भोळेपणा आपल्याला मूर्खपणा वाटला असता.

वर्गात भांडण झाले, की मित्र आपल्याला हकीकत सांगतो. त्या हकिकतीचा नायक तोच असतो! तो खोटे बोलत नसेलही. पण त्याला दिसले तेवढेच तो सांगतो. म्हणून कोणालाही दोष देण्यापूर्वी स्वतःला विचारा : हे कोण सांगत आहे? आणि कोणाचे ऐकायचे राहिले आहे?

स्वाध्याय
१. नंदिताचे कपट राणाला कळत नाही, पण प्रेक्षकांना कळते. असे का?
२. तुम्ही पाहिलेल्या एखाद्या मालिकेतील प्रसंग दुसऱ्या पात्राच्या नजरेतून पाच वाक्यांत लिहा.