छताखालील तिरंदाजी

तिरंदाजी हा शब्द कानीं पडतांच आमच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढें अर्जुन उभा राहतो, आणि त्याच्या पाठोपाठ झाडावरच्या पक्ष्याचा तो प्रसिद्ध डोळा. कथा सुंदर खरी. परंतु छताखालील तिरंदाजीगृहांत प्रथमच पाऊल टाकणाऱ्या नवशिक्यास ती थोडीशी फसविते. पहिल्या दिवशीं तेथें लक्ष्यापेक्षां स्वतःच्या शरीराकडेच अधिक पाहावें लागतें. सुटींत आमचे विद्यार्थी हौसेनें अशा ठिकाणीं जातात आणि पालक कौतुकानें, व किंचित् धास्तीनेंही, मागें उभे राहतात. त्या उभयतांकरितां हें लिहीत आहों.

स्पर्धेच्या नियमांप्रमाणें छताखालील अंतर १८ मीटर, व लक्ष्याचा कागद ४० सेंटिमीटर व्यासाचा असतो. बाहेरून आंत पांढरा, काळा, निळा, तांबडा व पिवळा असे पांच रंग. प्रत्येक रंगाचीं दोन कडीं, आणि प्रत्येक कड्याची रुंदी २ सेंटिमीटर. नवशिक्यास प्रथमच इतक्या दूर उभें करीत नाहींत. त्याच्यासाठीं लक्ष्य जवळ आणितात.

आतां थोडें भूमितीकडे वळूं. नेम धरण्यासाठीं धनुष्यास जो लहानसा मणि लाविलेला असतो, तो डोळ्यापासून सुमारें ९० सेंटिमीटरांवर येतो. १८ मीटर म्हणजे त्याच्या २० पट. समरूप त्रिकोणांचा सिद्धान्त लाविला असतां असें दिसतें कीं, मणि १ मिलिमीटर ढळला तर लक्ष्यावर २ सेंटिमीटरांचा, म्हणजे बरोबर एका कड्याचा, फरक पडतो. मागच्या हाताचेंही तसेंच. दोरी ओढणारा हात एकदां हनुवटीखालीं व एकदां गालापाशीं थांबला, तर डोळा कितीही तीक्ष्ण असो, बाण भलतीकडेच जाणार. म्हणून प्रत्येक वेळीं तीच उभे राहण्याची रीत, तीच ओढ, हनुवटीखालची तीच जागा, हेंच काय तें शिकावयाचें.

यामुळेंच जाणता शिक्षक पहिल्या दिवशीं गुण मोजीत नाहीं. तीन बाण कागदाच्या कोपऱ्यांत कां होईना, पण वीतभर जागेंत एकत्र पडले, तर तो संतुष्ट असतो. एक पिवळ्यांत, दुसरा पांढऱ्यांत व तिसरा मागच्या जाळ्यांत गेला, तर त्या पिवळ्यांतल्या बाणाचें त्यास कौतुक नाहीं. बाण एकत्र पडूं लागले कीं मणि हलवून ते मध्यावर आणतां येतात. आणि येथें एक गंमत आहे. बाण वर पडत असतील तर मणिही वरच सरकवावा लागतो! मुलांस हें उलटें वाटतें. परंतु मणि वर गेला कीं तो पिवळ्यावर आणण्यासाठीं धनुष्याचा हात आपोआप खालीं येतो, व बाणही खालीं उतरतो.

धनुष्य कोणत्या हातीं धरावें हें बहुधा डोळ्यावरून ठरतें. दोन्ही हात लांब करून पंज्यांमध्यें लहान फट ठेवावी, तींतून दूरची वस्तु पाहावी, व हात हळूहळू चेहऱ्याकडे आणावे. ते ज्या डोळ्यावर येतील तो प्रमुख. उजव्या हातानें लिहिणाऱ्याचाही डावा डोळा प्रमुख असूं शकतो. पुढें लक्ष्याकडे खांदा करून उभें राहावें, धनुष्य मुठींत आवळूं नये, आणि दोरी तीन बोटांनीं ओढावी : एक बाणाच्या वर, दोन खालीं. अंगठ्याचें येथें कामच नाहीं. मग एकलव्याचा अंगठा एवढा मोलाचा कां, असें कोणी विचारील. तर मंगोल, तुर्क इत्यादि आशियांतील लोक अंगठ्यानेंच दोरी ओढीत. त्या रीतींत अंगठा गेला कीं विद्या गेली.

दोरी सुटतांना दंडाखालीं सपकन् लागते, म्हणून तेथें चामड्याचें आवरण बांधितात, बोटांसही तसेंच. वाल्मीकिरामायणांत रामलक्ष्मणांच्या वर्णनांत गोधा व अंगुलित्राण हे शब्द येतात, ते याच वस्तूंचे.

जड धनुष्याचा हट्ट मात्र पुरवूं नये. आरंभीं १५ ते २० पौंड ओढीचें धनुष्य पुरे. जड धनुष्यानें खांदा वर चढतो, हात कांपतो, व वाईट खोड कायमची जडते. मुलींस हा खेळ झेपेल काय, या प्रश्नाचें उत्तर सातारच्या अदिती स्वामी हिनें २०२३ सालीं बर्लिन येथें दिलें : कप्प्यांच्या धनुष्याच्या प्रकारांत ती १७ व्या वर्षीं जगज्जेती झाली. त्याच स्पर्धेंत पुरुषांमध्यें नागपूरचे ओजस देवतळे जिंकले.

पालकांची धास्ती शिटीच्या नियमांनीं दूर व्हावी. दोन शिट्या म्हणजे रेषेवर या. एक म्हणजे बाण सोडा. तीन म्हणजे पुढें जाऊन बाण काढा. लागोपाठ पांच वा अधिक म्हणजे तत्क्षणीं थांबा. बाण लाविल्यावांचून रिकामी दोरी कधींही सोडूं नये. बाणास मिळावयाचा जोर धनुष्यांतच राहून तें मोडूं शकतें.

खरेदीची घाई करूं नये, हेंही सांगितलें पाहिजे. प्रथम तेथलेंच धनुष्य वापरावें. मूल वाढतें तशी त्याची ओढही लांबते, आणि गेल्या वर्षीचा बाण यंदा आंखूड ठरून ओढतांना धनुष्याच्या आंत, हाताकडे घसरण्याचें भय असतें. म्हणून दर कांहीं महिन्यांनीं दोरी पूर्ण ओढून, बाणाचें टोंक धनुष्याच्या पुढें राहतें कीं नाहीं, हें शिक्षकाकडून पाहून घ्यावें.