डोळे बांधून भेटायचं मंडल

जपानमधल्या शिंगोन या बौद्ध पंथाच्या देवळात पूर्वेला एक आणि पश्चिमेला एक अशी दोन मोठी चित्रं समोरासमोर टांगतात. पूर्वेचं गर्भधातू मंडल करुणेचं. मधोमध आठ पाकळ्यांच्या लाल कमळात महावैरोचन, म्हणजे जपान्यांचा दाइनिची, आणि भोवती चारशेहून अधिक देवता. अगदी कडेच्या पट्टीत इंद्र, अग्नी, यम आणि आपला गणपतीही आहे. आपल्याकडे आधी पुजला जाणारा इथे कुंपणावर! पश्चिमेचं वज्रधातू मंडल न भंगणाऱ्या ज्ञानाचं. त्यात नऊ चौकोन, चौदाशेहून अधिक आकृत्या. दोन्हींतला दाइनिची एकच, म्हणून ही जोडी फोडायची नाही.

ही जोडी जपानात आणली कूकाई या भिक्षूनं. 804 मध्ये तो चीनला गेला. तिथे च्यांग-आनमध्ये हुइगुओ या गुरूंनी त्याला दीक्षा दिली. ही गूढ शिकवण चित्रांवाचून पोचत नाही, असं त्यांचं मत. म्हणून ली चेन आणि इतर चित्रकारांकडून त्यांनी मंडलं रंगवून घेतली. 806 मध्ये कूकाई ती घेऊन परतला. पण ती इतकी जीर्ण झाली की 821 मध्ये नव्या प्रती कराव्या लागल्या.

पण मंडल नुसतं बघायचं नसतं. दीक्षेच्या वेळी साधकाचे डोळे बांधतात आणि तो मंडलावर फूल टाकतो. ते ज्या देवतेवर पडेल, तिच्याशी त्याचं नातं जुळतं. दोन्ही मंडलांच्या दीक्षेत कूकाईचं फूल दाइनिचीवरच पडलं, असं सांगतात. माझ्या मते मंडलाचं मर्म रंगरेषांपेक्षा या विधीत अधिक आहे.

कूकाईच्या हयातीतली एकच जोडी उरली आहे: क्योतोतल्या जिंगोजी देवळातलं ताकाओ मंडल. जांभळ्या रेशमावर सोन्याचांदीच्या रेषा, उंची सुमारे चार मीटर. शतकानुशतकांत रेशीम इतकं काळवंडलं, की दुरून आकृत्या ओळखूच येत नाहीत. सहा वर्षांच्या डागडुजीनंतर 2024 मध्ये ते टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात मांडलं गेलं. तिथे ते बघता आलं, पण फूल टाकायला मनाई होती!

आपल्याकडच्या वेरूळच्या बाराव्या लेण्यातही नऊ घरांचे शिल्पपट आहेत: मध्ये बुद्ध, भोवती आठ बोधिसत्त्व. मंडलाच्या मांडणीचं हे बीज भारतातलंच. वेरूळला आता दीक्षा होत नाही. जपानमधल्या कोयासान पर्वतावर मात्र दर मे महिन्यात गर्भधातूवर आणि ऑक्टोबरात वज्रधातूवर फुलं पडतात, आणि त्यासाठी भिक्षू असण्याची अट नाही.