'सीड' : एका क्रियापदाची कैफियत

राखोलीच्या आमच्या शाळेत इतिहासाचा तास चालू होता. 'मराठ्यांनी नगर-हवेली पोर्तुगीजांना सीड केली', हे वाक्य वर्षानुवर्षांच्या सवयीने आम्ही फळ्यावर लिहिले. एक मुलगा उठला. "गुरुजी, सीड म्हणजे बियाणे ना?" वर्ग हसला. उच्चार एक असला तरी शब्द निराळा. याचा अर्थ आपला प्रदेश वा हक्क दुसऱ्याच्या स्वाधीन करणे, असे आम्ही समजाविले. "म्हणजे पेशव्यांनी आपल्याला देऊन टाकले?" या त्याच्या दुसऱ्या प्रश्नापुढे मात्र आम्ही निरुत्तर झालो.

घरी येऊन कोश उघडला. मूळ धातू लॅटिन 'सेदेरे', म्हणजे जाणे, मागे सरणे. सतराव्या शतकात तो या रूपाने इंग्रजीत रुळला. 'रिसीड', 'कन्सीड', 'अ‍ॅक्सीड' ही त्याचीच भावंडे. घरगुती बोलण्यात हे क्रियापद विरळा. तह, करार आणि न्यायालये हेच त्याचे घर. प्रदेशाविषयी ते योजले, की नुसते उत्पन्न नव्हे, तर स्वामित्वच सोडले, असा अर्थ होतो.

आमच्या भूमीपुरता याचा निवाडा हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात झाला आहे. १९५४ मध्ये दादरा व नगर-हवेली मुक्त झाल्यावर १९५५ मध्ये पोर्तुगालने भारताविरुद्ध दावा लावला. १७७९ चा पुण्याचा तह व नंतरच्या सनदा यांनी आपणास स्वामित्व मिळाले, असे त्याचे म्हणणे होते. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने शब्द पारखले. मराठ्यांच्या इतर काही तहांत कायमच्या स्वामित्वाची भाषा होती. गावांविषयी ती नव्हती. म्हणून मराठ्यांनी दिला तो सालिना बारा हजार रुपये उत्पन्नाचा सरंजाम, प्रदेश नव्हे! पुढे इंग्रजी अमदानीत पोर्तुगीजांचे स्वामित्व मुकाट्याने मान्य झाले, हेही न्यायालयाने नोंदविले. पण तो दोष पेशव्यांच्या माथी येत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही फळ्यावर 'सीड' ऐवजी 'सरंजाम दिला' असे लिहिले आणि आपली चूक वर्गापुढे कबूल केली. शेवटी ११ ऑगस्ट १९६१ रोजी हा प्रदेश भारतात विलीन झाला, हेही सांगितले.

वाचकहो, आपल्यापैकी कित्येकांच्या घरी जुन्या मोडी सनदा असतील. त्यांचे इंग्रजी भाषांतर प्रमाण मानण्यापूर्वी मूळ मराठी शब्द एकवार अवश्य पाहावा.