पिंगळीच्या रस्त्यावर हायब्रिड

परभणीजवळच्या पिंगळीतल्या एखाद्या कुटुंबाला आजीसह सात जणांसाठी गाडी हवी असेल, तर टोयोटा इनोव्हा हायक्रॉस यादीत येतेच. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये ती भारतात आली. हायब्रिड प्रकारात 2 लिटरचं पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर आहे. जाहीर मायलेज लिटरला 23.24 किलोमीटर.

ही बचत होते कुठून? सात माणसांसह दोन टनांची गाडी ताशी 60 किलोमीटरने धावताना तिच्यात सुमारे 2 लाख 78 हजार जूल गतिज ऊर्जा असते. तेवढ्यावर दहा वॅटचा दिवा साडेसात तासांहून जास्त जळेल! साध्या गाडीत ब्रेक दाबताच ती सगळी उष्णता होऊन हवेत जाते. हायब्रिडमध्ये मोटर उलट जनित्र बनते, चाकं तिला फिरवतात आणि त्या ऊर्जेचा काही भाग बॅटरीत परततो.

म्हणूनच परभणीच्या बाजारातल्या थांबत-चालत गर्दीत हायब्रिड खरी कमावते. मोकळ्या महामार्गावर एकसारख्या वेगात ब्रेकच कमी लागतो, फायदा घटतो. ज्यांचं धावणं मुख्यतः लांबपल्ल्याचं, त्यांनी जादा किमतीचा हिशेब वहीत मांडूनच बयाणा द्यावा, असं मला मनापासून वाटतं.

आणखी एक. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात बॅटरीला थंडावा हवाच. तिला हवा देणारी जाळी गाडीच्या आतच असते. सामान भरताना तिच्यावर पिशव्या, गोधड्या टाकू नका. शोरूममध्येच ती जागा दाखवून घ्या, आणि आजीला तिसऱ्या रांगेत बसवूनही पाहा.