आधी हात, मग कंगवा

घोड्याच्या अंगाची निगा राखण्याला मराठीत ‘खरारा’ असा स्वतंत्र शब्द आहे. बैलासाठी पोळ्याची पूर्वसंध्या आहे. त्या संध्याकाळी जुवाने घट्टे पडलेल्या त्याच्या खांद्याला हळद आणि तूप किंवा लोणी चोळतात. कोठे तिला खांदेमळणी म्हणतात, तर विदर्भाकडे खांदशेकणी. कुत्र्यासाठी मात्र असा रुळलेला शब्द आपल्याजवळ नाही. कारण उघड आहे. घोडा पागेत, बैल गोठ्यात आणि कुत्रा पायरीखाली, अशी आपली जुनी वाटणी होती. शिळ्या भाकरीचा तुकडा टाकला की त्याच्याविषयीचे कर्तव्य संपत असे.

बालाघाट जिल्ह्यातील मलाजखंडसारख्या वसाहतीत ही वाटणी टिकत नाही. हा जिल्हा १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होता, तेव्हा मराठी माणसाला हा मुलूख परका नाही. १९८२ साली हिंदुस्तान कॉपरचा तांब्याचा प्रकल्प येथे सुरू झाला आणि नोकरीच्या निमित्ताने ठिकठिकाणची कुटुंबे शेजारी शेजारी येऊन राहिली. अशा घरात मुले एके दिवशी पिलू उचलून आणतात. आजी चार दिवस कुरकुर करते, पाचव्या दिवशी तीच त्याला दूध-भाकरी कुस्करून घालते आणि पिलू पायरी ओलांडून घरात येते. घरात आलेल्या जीवाची निगा ही मग आपोआपच घराची जबाबदारी ठरते.

मैकल डोंगरांच्या या पट्ट्यात ही निगा केवळ शोभेसाठी नसते. पावसाळ्यात व त्यानंतर गवत माजते. त्याची कुसळे केसांत शिरतात आणि तेथून हळूहळू कातडीत, कानात, पायाच्या बोटांमध्ये रुततात. वरून काही दिसत नाही. जनावर पाय चाटत राहते आणि आत गळू धरते. दुसरा शत्रू गोचीड. तो कानाच्या पाळीत, मानेच्या पट्ट्याखाली, काखेत आणि बोटांच्या बेचक्यात लपतो. रक्त पिऊन फुगलेली मादी अंगावरून गळून पडते आणि भिंतीच्या भेगेत हजारांनी अंडी घालते. गोचीडतापाने कुत्रे मलूल होते, खात नाही, त्याच्या हिरड्या फिक्या पडतात, कधी नाकातून रक्त येते; वेळीच उपचार न झाल्यास ते दगावते. या दोन्ही गोष्टी सापडतात त्या रोज अंगावरून फिरणाऱ्या हाताला. परंतु तो हात फिरवू देणारे कुत्रे आधी घडवावे लागते, आणि त्याची वेळ फार थोडी असते.

किती थोडी, हे अमेरिकेतील स्कॉट आणि फुलर या दोन संशोधकांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले. पिलांच्या वाढीचा त्यांनी वर्षानुवर्षे अभ्यास केला होता. सुमारे तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिलाचे मन नव्या गोष्टीला सहज सामावून घेते. या काळात जे सुखाने अनुभवाला आले ते ‘आपले’ ठरते. त्यानंतर नवे पुढे आले की आधी भीती उभी राहते. दुसऱ्या बाजूने, पिलाला आठ आठवडे तरी आईजवळ राहू द्यावे लागते. आपल्याकडील २०१७ च्या नियमांनुसार त्याहून लहान पिलू विकण्यास मनाई आहे. म्हणजे चौदातून आठ वजा केले की आपल्या हाती उरतात ते अवघे सहा आठवडे. मूल रांगण्याच्या वयात असताना आपण त्याला जसे जपतो, तसे हे सहा आठवडे जपले पाहिजेत.

बहुतेक घरांत नेमके उलट घडते. पिलाचे केस अजून मऊ आहेत, विंचरायची गरज काय, म्हणून महिनोन्‌महिने कंगवा लागत नाही. पुढे एके दिवशी केसांचा गुंता दिसतो. मग एकाने तोंड धरायचे, दुसऱ्याने पाय आणि तिसऱ्याने विंचरायचे! गुंता सुटतो, पण कंगवा म्हणजे दुखणे हा धडा पिलाच्या मनावर कायमचा कोरला जातो. आपण सोडवतो तो केसांचा गुंता, आणि घालून ठेवतो तो मनाचा.

म्हणून आरंभ कंगव्याने करूच नये. पहिला आठवडा नुसत्या हाताचा. दुपारच्या जेवणानंतर पिलू सुस्तावले की त्याला जुन्या सतरंजीवर घ्यावे. छातीवरून, खांद्यावरून हात फिरवावा. मग कान क्षणभर बोटांत धरून सोडावा, पंजा उचलून खाली ठेवावा, ओठ वर करून दात पाहावेत, शेपटी हातातून सरकू द्यावी. प्रत्येक स्पर्शापाठोपाठ उकडलेल्या अंड्याचा किंवा भाकरीचा लहानसा कण द्यावा. हा क्रम महत्त्वाचा आहे: आधी स्पर्श, मग खाऊ. पचनक्रियेवरील संशोधनासाठी १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या पाव्हलॉव्हने कुत्र्यांवरच सिद्ध केले की अन्नाच्या आधी नेमाने येणारी खूण पुढे अन्नाची चाहूल बनते. आपला हात ही तशी खूण झाली पाहिजे. खाऊ आधी दाखवून मागाहून धरले, तर खाऊच संशयास्पद ठरतो.

दुसऱ्या आठवड्यात ब्रश आणावा, पण चालवू नये. तो जमिनीवर ठेवावा. पिलू त्याला हुंगेल, तेव्हा खाऊ द्यावा. चावू लागले तर न रागावता तो उचलून ठेवावा. ब्रश हे खेळणे नव्हे, एवढे त्याला कळले म्हणजे पुरे. नंतर ब्रशची पाठ, म्हणजे दात नसलेली बाजू, अंगावर टेकवावी. तिसऱ्या आठवड्यात खांद्यावर केसांच्या दिशेने एकच हलका फटकारा द्यावा, खाऊ द्यावा आणि थांबावे. उद्या दोन, परवा तीन. पोट, मागचे पाय आणि शेपटी सर्वांत शेवटी. सारा कार्यक्रम दोन-तीन मिनिटांचा, पण रोजचा. पिलाने कंटाळून उठण्यापूर्वी आपणच उठावे, म्हणजे उद्या ते स्वतःहून सतरंजीवर येते.

पिलू बोलत नाही असे आपण म्हणतो. ते पुष्कळ बोलते, आपले लक्ष नसते. झोप नसताना जांभई देणे, ओठ चाटणे, तोंड वळवणे, डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दिसणे, अंग आखडून स्तब्ध होणे, ही सारी ‘आता पुरे’ची वाक्ये आहेत. ती ऐकली तर गुरगुरण्याची वेळच येत नाही. आणि गुरगुरलेच, तर हात थांबवावा. चापट मारू नये. गुरगुरणे ही धोक्याची घंटा आहे. मार देऊन घंटा बंद होते, धोका तसाच राहतो, आणि पुढे ते कुत्रे न गुरगुरता चावते.

महाभारताच्या प्रारंभीच जनमेजयाच्या यज्ञाजवळ आलेल्या एका पिलाला राजाचे भाऊ मारतात. पिलू रडत आपल्या आईकडे, सरमेकडे जाते. आपण हविर्द्रव्याला तोंड लावले नाही, त्याकडे पाहिलेही नाही, असे ते सांगते. अपराध नसताना मारलेत, तर तुमच्यावरही न कळता भय कोसळेल, असे सरमा राजाला बजावते. विंचरताना दुखले म्हणून ओरडणारे पिलूही असेच निरपराध असते, आणि त्याला दिलेल्या माराचे भय अखेर आपल्याच घरात नांदते.

साधनांचा फार बडिवार नको. आखूड केसांच्या गावठी कुत्र्याला रबरी ब्रश किंवा ओलसर खरखरीत कापड पुरते. पॉमेरियन, जर्मन शेफर्ड यांना आत मऊ आणि वर राठ असे दुहेरी केस असतात. त्यांना लांब दातांचा कंगवा हवा. उन्हाळा आला म्हणून त्यांचे केस मुळापासून भादरू नयेत. तेच उन्हापासून कातडीचे रक्षण करतात. गुंता आधी बोटांनी, टोकाकडून मुळाकडे सोडवावा. माणसांचा साबण वापरू नये, आपली आणि त्यांची कातडी वेगळी असते. नखाच्या आत रक्तवाहिनी असते, म्हणून नखांचे केवळ टोक कापावे. पावसाळ्यात फिरून आल्यावर बोटांच्या बेचक्या पुसून कोरड्या कराव्यात.

गोचीड सापडलाच तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढावा व साबणाच्या पाण्यात टाकावा. बोटांनी चिरडू नये. रॉकेल चोळणे, उदबत्ती टेकवणे हे घरगुती उपाय निषिद्ध मानावेत. रॉकेलने कातडी भाजते आणि कुत्रे ते चाटते, म्हणजे विष पोटात जाते. औषध डॉक्टरांना विचारून, पिलाच्या वयावजनाप्रमाणेच लावावे.

या सवयीची खरी परीक्षा गुरांच्या दवाखान्यात होते. ज्याचे कान, तोंड, पाय घरी रोज हाताळले गेले, ते पिलू टेबलावर शांत उभे राहते. दुसऱ्याचे तोंड बांधावे लागते. मग ‘फार त्रास देतो हो’ म्हणून पुढची लस टळते, आणि या टाळाटाळीची किंमत जबर असू शकते. तीन महिन्यांच्या सुमारास रेबीजची पहिली लस टोचलीच पाहिजे. २०३० पर्यंत कुत्र्यांपासून होणारा रेबीज हटवण्याचा कार्यक्रम आपल्या सरकारने २०२१ साली आखला आहे. त्याची सुरुवात आपल्या अंगणातूनच होते. तरीही कोणाला दात किंवा नख लागलेच, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी इस्पितळ गाठावे.

मलाजखंडला आणखी एक शेजार आहे, कान्हाच्या जंगलाचा. मुक्कीचे प्रवेशद्वार याच जिल्ह्यात. २०१८ साली गीरच्या अरण्यात वीसहून अधिक सिंह दगावले, तेव्हा त्यांच्यात डिस्टेंपर या रोगाचे विषाणू आढळले. हा रोग मुख्यतः कुत्र्यांमध्ये आढळतो. जंगलाकाठच्या कुत्र्याला त्याची लस टोचली म्हणजे त्याच्याबरोबर पलीकडच्या वाघाचाही धोका कमी होतो.

हे काम घरात वाटून घ्यावे. ब्रश मोठ्यांनी चालवावा, खाऊ मुलांनी द्यावा. पिलू खाताना वा झोपलेले असताना हात लावायचा नाही, हा नियम नातवंडांना आजोबांनी शिकवावा. ज्यांच्याकडे मोठे, धास्तावलेले कुत्रे आहे त्यांनीही निराश होऊ नये. त्यांच्यासाठी वाट हीच आहे, फक्त आठवड्यांच्या जागी महिने लागतात. हात, मग ब्रशची पाठ, मग एक फटकारा, हा क्रम मात्र चुकवू नये. रोज रात्री दिवे मालवण्यापूर्वी पाच मिनिटे सतरंजी पसरावी. कान, मान, काखा, बेचक्या चाचपून घ्याव्यात आणि काही सापडले नाही तर निश्चिंतपणे झोपावे.