फुकटची शाळा

फुकट मिळते ते टाकाऊच असणार, अशी आपली मध्यमवर्गीय माणसांची एक पक्की समजूत असते. एका साडीवर दुसरी साडी फुकट म्हटली, की आपण आधी दुसरीचा पदर उलटून पाहतो. औषध सरकारी दवाखान्यातले असले, तर ताप उतरेल की नाही अशी शंका येते. आणि शाळा फुकटची असली तर? तर तिच्या फाटकावरून आपण रोज जातो. पण आत कधी डोकावत नाही.

मीही डोकावलो नव्हतो. निगडीत राहायला येऊन मला आता अठरा वर्षे होतील. महाविद्यालयात मी मराठी शिकवतो. मातृभाषेतून शिक्षण या विषयावर माझी चार व्याख्याने तयार असतात. फेब्रुवारी महिना आला की ती मी आलटून पालटून देतो. व्याख्यान संपल्यावर कुणी सहज विचारतो, "सर, आपले चिरंजीव कुठल्या शाळेत?" तेव्हा मला एकाएकी पाणी प्यावेसे वाटते. चिरंजीव इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळेत आहेत, सहावीत. वाचकहो, हे आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढचे सांगायला मी मोकळा.

गोष्ट सुरू झाली ती दिवाळीच्या किल्ल्यापासून. प्राधिकरणातल्या आमच्या सोसायटीत मुले दरवर्षी किल्ला करतात. त्या वर्षी राजगड ठरला होता. पोती झाली, विटा झाल्या, माती कालवून झाली, उतारावर अळीव पेरून झाले. आमच्याकडे काम करणाऱ्या बाई ओटा स्कीममध्ये राहतात. माझा मुलगा त्यांना मावशी म्हणतो. सुटी असल्यामुळे त्यांची मुलगी त्यांच्याबरोबर आली होती. महापालिकेच्या शाळेत चौथीत. तिचे नाव इथे घालत नाही. छापून आलेले तिला आवडणार नाही. पोरगी किल्ल्यापाशी उकिडवी बसली, बराच वेळ पाहत राहिली आणि मग म्हणाली, "दादा, ह्याची एक माची कुठं गेली?"

"कुठली माची?"

"तीन असतात ना! पद्मावती, संजीवनी आणि सुवेळा. तुमची सुवेळा राहिली. ती उगवतीकडं असते."

आणि कुणाची परवानगी न घेता तिने ओंजळभर माती घेऊन सुवेळा माची उभी केली. मग चिरंजीवांनी लिहिलेली पाटी वाचून 'बालेकिल्ला' या शब्दातली त्यांची दीर्घ वेलांटीही ऱ्हस्व करून दिली. चिरंजीव तोंड लहान करून माझ्याकडे आले. मी तिला विचारले, "अगं, तुला हे कुणी शिकवलं?"

"मीच शिकवते ना शाळेत!" ती म्हणाली. "आमच्या बाई म्हणतात, ज्याला आलं त्यानं न आलेल्याला सांगायचं. माझ्याकडं चौघंजण आहेत."

मला मोठी गंमत वाटली. ती गंमत मी दोन-तीन मित्रांना सांगितली आणि नेहमीप्रमाणे विसरून गेलो.

जानेवारीत बाईंनी माझ्या पत्नीकडे वीस हजार रुपयांची उचल मागितली. पलीकडच्या आळीत एक इंग्रजी शाळा होती. चौथी झाली की मुलीला तिथे घालायचे होते. "वहिनी, पगारातून कापून घ्या," त्या म्हणाल्या. "म्या लातूरकडनं हितं आले ते धुणी-भांडी करायला. पोरीनं बी तेच करायचं का?"

मला रात्री हे कळले आणि माझ्यातला व्याख्याता जागा झाला. मी म्हणालो, "अगं, पण तिचं तिथं किती छान चाललंय! त्यांना जरा समजाव."

"समजावते की," पत्नी म्हणाली. "पण त्यांनी विचारलं, तुमचा दादा कुठं जातो, तर काय सांगू? तुमच्या चारांतलं कुठलं व्याख्यान सांगू?"

यावर मजजवळ उत्तर नव्हते. उचल द्यायची यात वाद नव्हता. कष्ट त्यांचे आणि मुलगीही त्यांची. पण मी ज्या शाळेची तरफदारी करीत होतो, ती शाळा मी पाहिलेलीच नव्हती! योगायोग असा, की मराठी भाषा गौरव दिनासाठी त्याच शाळेतून मला बोलावणे आले, अर्थात त्या मुलीच्याच हाती. २७ फेब्रुवारीला मी तासभर आधीच गेलो आणि चौथीच्या वर्गात मागे जाऊन बसलो.

वर्गात चाळीसएक मुले होती. आमच्या या पट्ट्यात देशभरची माणसे पोटासाठी येतात. कुणाचा बाप चाकणच्या कारखान्यात कंत्राटावर, कुणाचा बांधकामावर. त्यामुळे वर्गात लातूर-नांदेड होते, कलबुर्गी होते, बिहारही होता. फळ्याच्या मध्यभागी बाईंनी 'भाकरी' हा शब्द लिहिला होता आणि भोवती गोल करून मुलांनी आपापल्या घरचे शब्द लिहिले होते. कानडी घरातल्या मुलीने 'रोट्टी' लिहिले होते, बंजारा मुलाने 'बाटी'. एका कोपऱ्यात 'लिट्टी' होती.

त्या लिट्टीची हकीकत बाईंनी मला नंतर सांगितली. बिहारहून आलेला तो मुलगा पहिले दोन महिने वर्गात एक शब्द बोलला नव्हता. बाईंनी त्याला ना रागावले, ना बोलते करण्याचा हट्ट धरला. आमच्या पाहुणीच्या शेजारी त्याला बसवले, एवढेच. एके दिवशी चुलीचे चित्र काढताना तो आपल्याशीच पुटपुटला, "लिट्टी." तिने ते ऐकले आणि उठून सांगितले, "बाई, ह्याला बोलता येतं!" तो शब्द फळ्यावर गेला. आपला शब्द बाईंच्या अक्षरात पाहिल्यावर त्या मुलाला ही शाळा आपली वाटू लागली असावी. मी गेलो त्या दिवशी त्याने पाठ्यपुस्तकाचे सबंध पान मला वाचून दाखवले. दोन ठिकाणी अडखळला. पण दोन्ही वेळा शेजारणीकडे पाहून स्वतःच सुधारले.

मग माझे भाषण झाले. ज्ञानेश्वरांपासून सुरुवात करून मी यादवकाळात शिरतो आहे, तोच पुढच्या ओळीतल्या एका चिमुरडीने हात वर केला. "सर, तुमच्या घरी भाकरीला काय म्हणतात?"

"आमच्याकडे... पोळी असते," मी म्हणालो.

"म्हणजे चपाती!" सगळा वर्ग ओरडला. ती मुलगी उठली आणि फळ्यावरच्या गोलात 'पोळी' हा शब्द लिहून आली. बिहारच्या लिट्टीशेजारी माझ्या पोळीला जागा मिळाली. यादवकाळ तिथेच राहिला.

"ही माझी युक्ती नाही हो, सर," चहा घेताना बाई म्हणाल्या. "इथून तिथून पाहिलेलं आम्ही एकत्र करतो." तेव्हा हे 'इथून तिथून' म्हणजे कुठून, ते थोडे सांगायला हवे.

सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात परितेवाडी आहे. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. मुलांच्या घरी कानडी आणि पुस्तके दुसऱ्या भाषेत, ही तिथली अडचण. गुरुजींनी मुलांची भाषा शिकून घेतली आणि धडे त्या भाषेत आणले. पुस्तकात क्यूआर कोड घालून त्यामागे गोष्टी, कविता आणि पाठ ठेवले. पुरस्काराची रक्कम दहा लाख डॉलर. तिच्यातली निम्मी त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

आता अगदी आपल्या शेजारचे पाहा. चाकण ओलांडून पुढे गेले की खेड तालुक्यात जालिंदरनगर लागते. पटावर मुलेच नाहीत म्हणून तिथली जिल्हा परिषदेची शाळा बंद पडण्याच्या बेताला आली होती. शिरूर तालुक्यातली वाबळेवाडीची शाळा ज्यांच्यामुळे नावारूपाला आली, ते दत्तात्रय वारे गुरुजी इथे आले, गावकरी पाठीशी उभे राहिले आणि शाळा पुन्हा भरली. 'विषयमित्र' ही तिथली पद्धत. मुलेच मुलांना शिकवतात. जगातल्या उत्तम शाळांसाठी जी पारितोषिके देतात, त्यांत २०२५ साली ही शाळा अंतिम दहांत होती आणि लोकांच्या मतांवर दिला जाणारा पुरस्कार तिने मिळवला. आमच्याच महापालिकेची बोपखेलची शाळा २०२२ साली याच पारितोषिकांच्या यादीत झळकली होती. ती महापालिका आणि आकांक्षा फाउंडेशन मिळून चालवतात. मुलांच्या पोटात काय जाते, याची चिंता करून त्या शाळेने पालकांनाच सकस स्वयंपाकाचे धडे दिले.

तिन्ही ठिकाणी मला एकच गोष्ट दिसते. शिक्षकाने मुलाच्या घराकडे पाठ फिरवली नाही आणि घरानेही शाळेकडे फिरवली नाही. जादू म्हणतात ती एवढीच. सगळ्याच सरकारी शाळा अशा आहेत, असे मी म्हणणार नाही. आमच्या त्या बाईही सांगत होत्या, निवडणूक आली, जनगणना आली की शिक्षकाला वर्ग सोडून जावे लागते. काम संपले की मजुरांची कुटुंबे मुलांना घेऊन दुसरीकडे निघून जातात. "मन लावून शिकवलेलं पोर एका सोमवारी येतच नाही," त्या म्हणाल्या आणि कपातला चहा तसाच निवत राहिला.

घरी येताना मनात आले, ज्या 'फुकट' शब्दाला आपण नाक मुरडतो, तो आपल्याला फुकट मिळालेला नाही. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन करून, प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, असे बजावले. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेलीत सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग केला. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापुरात कायदाच केला. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड! आणि साऱ्या देशातल्या सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना हा हक्क कायद्याने मिळायला २०१० सालचा एप्रिल उजाडावा लागला. सव्वाशे वर्षे भांडून मिळवलेली वस्तू! तिचा पदर आपण उलटून पाहतो, आणि तोही दुरून.

मार्चमध्ये पालकसभा झाली. बाई एका घरचे काम बुडवून गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या त्या पदराने डोळे पुशीतच. माझ्या पत्नीने घाबरून विचारले, तेव्हा म्हणाल्या, "काही न्हाई वहिनी. पोरगी फळ्यापाशी उभी राहून भागाकार सांगत हुती. समोर सगळ्यांच्या आया बसलेल्या. माझ्या बाजूची बाई मला म्हणाली, ही तुमची का? माझ्या पोराला हिनंच शिकवलं." आणि थोड्या वेळाने, भांडी विसळता विसळता, "उचल ऱ्हाऊ द्या. तिथं ती मास्तरीण हाय. दुसरीकडं गेली की पुन्हा पहिल्यापासनं सुरू."

"पण इंग्रजीचं काय?" पत्नीने विचारले.

"ते मी इचारलं. पहिलीपासनं शिकवत्यात म्हणे. पण पोरगी कच्ची हाय त्यात. त्याचं तुम्ही बघा."

आता खरे सांगतो. माझ्या मुलाला मी त्याच्या शाळेतून काढून त्या शाळेत घातले, असे लिहिता आले असते तर लेखाला शोभा आली असती. तसे घडलेले नाही. तेवढे धैर्य माझ्यात नव्हते, आणि मुलाचे मित्र तोडणेही मला बरे वाटले नाही. पण दर शनिवारी दुपारी मी त्या शाळेत गोष्टी सांगायला जातो, यादवकाळ वगळून. संध्याकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर दोन विद्यार्थी बसतात. चिरंजीव तिला इंग्रजी शिकवतात आणि ती चिरंजीवांच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढते. मास्तरीण कडक आहे. परवा तिने त्यांना 'दिवाळी' हा शब्द पंचवीस वेळा लिहायला लावला.

फी दोन्ही बाजूंनी फुकट आहे.